ऊस गेल्यावर घ्यायची गाडी

गाडी विकायला काढलेल्या माणसाकडे मेजर कधी कळवून जात नसत. भल्या सकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहत आणि मालकाला हाक मारायच्या आधी गाडीच्या बॉनेटवर उजवा तळहात ठेवत. पोराला ताप आहे का बघायला आई कपाळावर ठेवते, तसा. बॉनेट गार असलं तर पुढची बोलणी. कोमट लागलं, तर मालकानं गिऱ्हाइकासाठी इंजिन आधीच तापवून ठेवलंय, म्हणजे गार इंजिन लवकर उठत नाही, म्हणजे व्यवहार संपला. मिरजेला एक जण बिचारा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला आणि शपथेवर सांगू लागला, की आत्ताच बायकोला स्टेशनवर सोडून आलोय, म्हणून गाडी गरम आहे. मेजरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "असंल की. पर ताप हाय तिला. उतरला की मी पुन्हा यीन." आणि सायकलला टांग मारून सांगलीची वाट धरली. मागच्या कॅरिअरवर मी होतो. त्या माणसाचं तोंड मला अजून आठवतं. खरं बोलत होता हो तो.

मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हते. आमच्या सातारा-सांगलीकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजर. हे बावीस वर्षं फौजेत मालाचे ट्रक चालवून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. गाव कडेगाव. तिथं थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे, शेती आणि ऊस, आणि इकडे सांगलीच्या विश्रामबागेत यांनी बांधलेलं चार खोल्यांचं बैठं घर. त्यातली एक खोली मला भाड्यानं मिळाली, ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. मी वाईचा. डिप्लोमा करून कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. ट्रकच्या सांगाड्यावर लाकडाची आणि पत्र्याची बॉडी बांधायचं काम तिथं चाले, आणि त्याचे नकाशे मी काढायचो. खोली मागायला गेलो तेव्हा मेजरांनी ना माझं आडनाव विचारलं, ना पगार. फक्त विचारलं, "गाडीचा नकाशा काढता येतो का?"

"येतो," म्हटलं.

"मग ऱ्हावा."

तेव्हापासून मी त्यांचा "वाईकर" झालो. पहिल्याच दिवशी दाराबाहेर काढलेल्या माझ्या चपला त्यांनी उचलून उलट्या फिरवून ठेवल्या, तोंड रस्त्याकडे. मला वाटलं, जायला सांगतायत की काय! तर त्या घरात सगळ्याच वस्तू निघायच्या तोंडानं ठेवलेल्या असत. सायकल, छत्री, चपला. पाण्याची बादलीसुद्धा कडी दाराकडे करून. "फौजेत गाडी लावायची ती निघायच्या तोंडानं," ते म्हणायचे. "ऑर्डर आल्यावर वळवत बसलास तर गेलास." ऑर्डर आता कुणाची येणार होती, हे विचारायची माझी छाती नव्हती.

गंमत म्हणजे निघायला इतक्या तयार असलेल्या या माणसाचं निघणं काही होत नव्हतं. त्यांना एक गाडी घ्यायची होती. माल वाहायला नाही, भाड्यानं द्यायला नाही, शेतावर खत न्यायलाही नाही. राहायला. जिच्यात चूल असेल, अंथरूण असेल, पाण्याची टाकी असेल, आणि जिच्यात बसून नवरा-बायको दोघं मुलूख बघत जातील अशी. त्या काळात विश्रामबागेत ज्याच्याकडे स्कूटर असे, त्याला लोक साहेब म्हणत. मजेसाठी अख्खं घर चाकांवर घालून फिरायचं, ही कल्पना ऐकूनच माणसं मेजरांच्या कपाळाकडे बघू लागत.

या वेडाचं मूळ पठाणकोटच्या वाटेवर होतं. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की मीच तिथं होतो असं आता वाटतं. दरड कोसळून फौजेच्या गाड्यांची रांग अडकली होती. रांगेच्या कडेला एक निळी गाडी उभी. त्यातून एक गोरा म्हातारा आणि त्याची म्हातारी उतरले. म्हातारीनं गाडीच्या मागच्या दारात स्टोव्ह पेटवून अंडी तळायला घेतली, म्हातारा शेजारी दगडावर बसून कांदा सोलायला लागला. मधेच म्हातारीनं मोठा नकाशा उलगडला आणि बोट आपटून नवऱ्याला चांगलं झापलं, वाट चुकवली म्हणून. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि कांदा सोलत राहिला. मग तिनं मेजरांना हातानंच खुणावून बोलावलं आणि कपभर चहा दिला.

"वाईकर, च्या काय लय भारी नव्हता," मेजर सांगत. "पर त्यो पिताना मला कसं झालं सांगू? माझी बायकू तिकडं कडेगावात शेणी थापतीया, आन् ही बाई हितं डोंगरात बसून अंडी तळतीया. नवऱ्याला झापतीया! तितंच म्हणलं, फौज संपली की हिला असाच मुलूख दावायचा. आपुन बघितला त्यो समदा."

काकी, म्हणजे मेजरांच्या पत्नी, ही गोष्ट चालू असताना बहुधा भाकरी थापत असत. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला फटकळ आणि हसायला मोकळ्या. नवरा फौजेत असताना सासू-सासरे, दोन मुली, गुरं आणि उसाचं पाणी हे सगळं त्यांनी काढलेलं. मुलींची लग्नं झाली, सासू-सासरे गेले, मेजर परत आले, आणि मग कुठे त्या सांगलीला आल्या. तोवर कराडच्या पलीकडे त्यांनी काही बघितलेलं नव्हतं. नवऱ्याची पत्रं यायची तेव्हा पाकिटावरचा शिक्का कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या, एवढाच त्यांचा देश.

आता गाडी का घेतली जात नव्हती, ते सांगतो. मेजरांचे दोन नियम होते आणि दोन्ही पक्के. पहिला असा, की जुनी गाडी बघायची ती पावसाळ्यात. "उन्हात समद्या गाड्या सवाष्णीवानी दिसत्यात. पावसात उभी कर, म्हंजे कुठं गळतीया ते कळतं." दुसरा नियम घराण्याचा, थोरल्या भावाकडून आलेला. मोठं काहीही घ्यायचं ते ऊस गेल्यावर. ऊस तोडून कारखान्यात गेला, की मग लग्न, मग विहीर, मग बैलजोडी. ऊस उभा असताना घरात नवं काही आणणं म्हणजे अपशकुन.

म्हणजे कसं, की श्रावणात गाडी पसंत करायची आणि ऊस जाणार माघात नाहीतर फाल्गुनात. तोवर कोण थांबतंय? गाडी विकली जायची. फाल्गुनात दुसरी गाडी बघायला जावं, तर पाऊस नाही, म्हणून पारख होत नाही. मग पुन्हा श्रावण. मी राहायला आलो तेव्हा या फेऱ्यात तीन वर्षं गेली होती, आणि माझ्या देखत आणखी चार गेली. मी एकदा हे गणित त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरुबर हाय तुझं. पर नियम म्हंजे नियम."

तोवर नकाशे मात्र चालू होते. कारखान्यातून आलो, की मी चहा पिऊन बोर्डावर कागद चढवायचा आणि मेजरांनी मागे हात बांधून उभं राहायचं. चूल डावीकडे, मोरी मागच्या दाराशी, फळीखाली धान्याचे डबे. पुढे ड्रायव्हरची केबिन, मग पत्र्याची भिंत, भिंतीच्या मागे घर. फौजेच्या गाडीला असतं तसं. नकाशा पुरा झाला की काकींना दाखवायचा. त्या पदराला हात पुसत यायच्या, कागद उभा-आडवा बघायच्या आणि एकच खोट काढायच्या. एका नकाशाला एक.

पहिल्याला म्हणाल्या, पाटा-वरवंटा कुठं? दुसऱ्याला म्हणाल्या, "देव कुणीकडं तोंड करून ठेवायचं? गाडी वळली की देवाचं त्वांड दक्षिणेला जाणार." यावर मेजर दोन दिवस जेवताना गप्प होते. अखेर मी बॉल-बेअरिंगवर फिरणारा देव्हारा काढून दिला. गाडी कुठेही वळो, देव हातानं फिरवून पूर्वेला करायचे. कारखान्यातल्या लोकांनी तो नकाशा बघून मला साष्टांग नमस्कार घातला. चौथ्या नकाशाला काकी म्हणाल्या, "मागं बसलं की मला मळमळतं. यष्टीत मी नेहमी फुडची जागा धरती." आम्ही दोघं शहाणे पुन्हा बोर्डाला भिडलो आणि मागच्या घराला मोठी खिडकी दिली. शिवाय वास घ्यायला लिंबू टांगायचा एक हूक. हुकाची कल्पना माझी. मला फार अभिमान वाटला होता.

कागदावर भागेना, तेव्हा मेजरांनी अंगणात गाडी आखली. शाळेच्या मैदानावर रेघा मारायला पांढरी फक्की वापरतात, तिचं एक पोतं आणलं आणि माझ्या नकाशावरून, दोरी धरून, खऱ्या मापाची गाडी जमिनीवर काढली. "घेण्याआधी ऱ्हाऊन बघावं," म्हणाले. मग रविवार आला, की दोघं त्या गाडीत राहायला जात. पुढे केबिनच्या चौकटीत स्टुलावर मेजर, तोंड कडुनिंबाकडे. मधे भिंतीची रेघ. रेघेच्या मागे काकी, स्टोव्ह आणि पिठाचा डबा. मी सरळ रेघ ओलांडून आत गेलो तर मेजर ओरडत, "वाईकर, दारातनं ये! भित्ताडातनं काय येतोस?" मग वळसा घालून दाराच्या फटीतून आत जायचं आणि चहा घ्यायचा. शेजारपाजारचे कुंपणाला टेकून विचारत, "मेजर, आज कुठवर आली गाडी?" मेजर गंभीरपणे सांगत, "अंबाला सोडलं." आणि मागून काकी ओरडून विचारत, "काय म्हणताय? मला ऐकू येत न्हाई!"

एके दिवशी मेजर दळण आणायला गेलेले असताना मी काकींना विचारलंच. म्हटलं, "काकी, तुम्ही प्रत्येक नकाशाला खोट काढता. तुम्हाला खरंच जायचंय का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी बसल्या जागी लहान झालो. "जायाचं नसतं तर त्या फक्कीत येड्यावानी बसली असती व्हय रं? आरं, जीव तुटतोय जायला. गुडघं धरायच्या आत जायाचंय मला. पर असं न्हाई."

"मग कसं?"

"तू शिकलेला हायस की. नऊ नकाशं काढलंस. बघ की दिसतंय का."

मी बघितलं. मला नाही दिसलं.

त्या वर्षी भाद्रपदात साताऱ्याहून निरोप आला, की जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवत हिंडणाऱ्या एका माणसानं धंदा बंद केलाय आणि त्याची गाडी विकायची आहे. सिनेमाचं यंत्र आणि पडदा न्यायची मोठी व्हॅन. मेजर म्हणाले, या खेपेला काकींनीही यायचं. तिघं एस.टी.नं साताऱ्याला गेलो. पाऊस भुरभुरत होता, म्हणजे पहिला नियम आपोआप पाळला गेला.

मेजरांनी तळहात ठेवला. बॉनेट गार. खिशातून रुमालात बांधलेलं लोहचुंबक काढून सगळ्या अंगावरून फिरवलं. पत्र्यातला खड्डा लांबी लिंपून बुजवलेला असला तर चुंबक तिथं धरत नाही आणि खाली पडतं. पडलं नाही. इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरलं आणि मालकाकडे तीन कप चहा घेईपर्यंत तसंच ठेवलं. कागदावर तेलाचा एक थेंब नाही. मग मेजर स्वतः गाडीखाली आडवे झाले आणि बराच वेळ खालीच राहिले. बाहेर आले तेव्हा पाठीला चिखल होता आणि चेहरा गोंधळलेला. सात वर्षांत प्रथमच त्यांना नाही म्हणायला काही सापडलं नव्हतं.

"आवं, मागं बसून बघा जरा," ते काकींना म्हणाले. "एक चक्कर मारतो."

काकी मागच्या दारानं चढल्या. आत एक लाकडी पेटी होती, तिच्यावर बसल्या. मेजरांनी दार लावलं, पुढे जाऊन चाकामागे बसले आणि गाडी फाटकातून बाहेर गेली. मी आणि मालक वळचणीला उभे राहिलो. गाडी परत यायला दहाएक मिनिटं लागली असतील. मेजर उतरले ते हसत. "मख्खन हाय गड्या, मख्खन!" म्हणाले आणि मागचं दार उघडलं.

काकी उतरल्या. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. हाताच्या मुठी लाल झाल्या होत्या.

"न्हाई घ्यायाची ही गाडी," त्या म्हणाल्या.

"काय झालं? कशात खोट हाय? सांगा, वाईकर दुरुस्त करंल."

"भित्ताड बडवून बडवून हात दुखाय लागलं माझं. थांबवा म्हणत हुते. तुमास्नी ऐकू तरी आलं का?"

"इंजिनाचा आवाज असतो, आन् मधी पत्रा..."

"पत्राच म्हणतीया मी!" काकींचा आवाज चढला. मालक उगाच आभाळाकडे बघू लागला. "बावीस वर्सं तुमी फुडं आन् मी मागं. बाजाराला निघालो तर तुमी धा पावलं फुडं. गावात थोरली माणसं बसल्याली, म्हणून. सुट्टी संपून तुमी निघाला की मला दारातबी येता यायचं न्हाई. गोठ्याच्या फटीतनं तुमची पाठ बघायची मी. पाठच वळखीची हाय मला तुमची. आन् आता मुलूख दावतो म्हणून पुन्यांदा मागंच घातली? अंधारात, पेटीत? काय दिसलं मला? साताऱ्यात कुठनं फिरवून आणली, त्येबी ठावं न्हाई."

 काकी माझ्याकडे वळल्या.

"आन् तू रं. फुडच्या दुसऱ्या शीटवर काय लिवलंयस नकाशात? वाचून दाव ह्यास्नी."

मला पाठ होतं. सुबक अक्षरात मीच लिहिलं होतं, नऊच्या नऊ नकाशांत. "जॅक आणि पाण्याचा कॅन," मी म्हणालो. माझं मलाच ऐकवेना.

"ती गोरी बाई," काकी आता हळू बोलत होत्या, "वाट चुकली म्हणून नवऱ्याला झापत हुती म्हणताय न्हवं? मग ती कुठं बसली असंल वो? मागं बसून तिला वाट कशी दिसली?"

ही गोष्ट मेजरांनी किती लोकांना सांगितली असेल! म्हातारी कुठे बसत असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आमच्याकडे गाडीत ड्रायव्हरशेजारी बाईमाणूस बसत नसे. तिथं क्लीनर बसे, पाहुणा बसे, नाहीतर सामान. बाया मागे, आणि जमलं तर पडद्याआड. नियम असा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तर तो मोडायचं कुणाला सुचत नव्हतं.

"फुडं कसं बसवायचं?" मेजर अखेर म्हणाले. "गावातनं जायाचं म्हंजे... दादा पारावर बसल्यालं असत्यात."

काकींनी पाठ फिरवली. जाऊन मालकाच्या ओट्यावर बसल्या. मालकानं घसा खाकरून विचारलं, "मेजर, गाडीत काय वाईट निघालं का?"

"न्हाई. गाडी चोख हाय," मेजर म्हणाले, आणि आम्ही स्टँडवर आलो.

एस.टी.त नेहमीच्या सवयीनं काकी बायकांच्या जागेवर जाऊन बसल्या. मेजर माझ्याशेजारी येऊन बसतील म्हणून मी सरकलो. ते बसले नाहीत. मधल्या वाटेत दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर दोनदा "बसून घ्या" म्हणाला. मग ते पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या मागचं रिकामं बाक दाखवून काकींना काहीतरी म्हणाले. काकी उठून खिडकीशी बसल्या आणि मेजर त्यांच्याशेजारी.  कराड मागे पडल्यावर मेजरांचा हात वर झाला आणि बोटानं बाहेर काहीतरी दाखवू लागला. काकींचं उत्तर मला ऐकू आलं. "दिसतंय की मला. सांगाय कशाला लागतंय?" पण तो हात सांगलीपर्यंत खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो, तर मेजर अंगणात ओल्या खराट्यानं भिंतीची रेघ पुसत होते. बाकीची गाडी तशीच. मी विचारलं, नवा नकाशा काढू का?

"नको," म्हणाले. "नकाशं लय झालं. शनवारी साताऱ्याला चल."

"मेजर, ऊस अजून उभा आहे."

"उभा हाय, उभा ऱ्हाईल. त्येला कुठं जायाचंय?"

सात वर्षांचा नियम असा दात घासता घासता मोडला. शनिवारी साताऱ्याला मालकानं आम्हाला बघून तोंडात बोट घातलं. मेजरांनी बॉनेटला हातही लावला नाही. मी सवयीनं लावला, तर ते चांगलंच गरम होतं. मी हात खिशात घातला.

गाडी आमच्या कुपवाडच्या कारखान्यात आली. मधला पत्रा कापून काढला, कडा घासून गुळगुळीत केल्या. पुढे ड्रायव्हरशेजारी मोडीत निघालेल्या एका बसचं रुंद बाक बसवलं, काकींचे पाय टेकतील अशा उंचीवर. ते माप घ्यायला मी त्यांना खुर्चीत बसवून पट्टी लावली, तेव्हा त्या मुलीसारख्या लाजल्या. देव्हारा बेअरिंगवरच बसला. जॅक गेला मागे, अंथरुणाखाली.

त्या गाडीनं पुढे पुष्कळ मुलूख बघितला. कन्याकुमारी, राजस्थान आणि एका हिवाळ्यात पठाणकोट. तिथून आल्यावर काकी आठवडाभर फक्त रस्त्यांविषयी बोलत होत्या, देवळांविषयी नाही. पण मी त्या प्रवासांना नव्हतो. मी होतो तो पहिल्या प्रवासाला, आणि मेजर आठवले, की मला तोच आठवतो.

नवं वाहन आधी गावच्या देवाला न्यायचं, म्हणून आम्ही कडेगावला निघालो. नवरात्राचे दिवस. वरून भुरभुर, खाली चिखल. मी मागे काकींच्या जुन्या जागी, स्टोव्ह पायात धरून. कापलेल्या पत्र्यातून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. काकींनी विट्यापर्यंत तीनदा मेजरांना सांगितलं, की म्हशीला आधी जाऊ द्या. मेजरांनी तिन्ही वेळा जाऊ दिलं. समोरून आलेल्या ट्रकनं काचेवर चिखलाचा मोठा सपकारा मारला. गाडीला वायपर एकच होता, ड्रायव्हरच्या बाजूला. मेजरांच्या पुढची काच स्वच्छ झाली. काकींच्या पुढे सगळं तपकिरी.

गावाची शीव आली आणि मेजरांनी ब्रेक दाबला.

इंजिन चालू. समोर उतारावर गाव दिसत होतं, पार दिसत होता, पारावर पटकेवाली माणसं दिसत होती. त्यांत मधोमध दादा. मेजर दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिले. काकींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मान खाली घातली.  मला कळलं. याच जागी बैलगाडीतून उतरून काकी इतकी वर्षं मागून चालत गेल्या होत्या. मी स्टोव्ह बाजूला ठेवला आणि उठलो, त्यांना मागे यायला जागा करून द्यावी म्हणून. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी मेजरांचा राग आला होता आणि कीवही.

"वाईकर, बस खाली," मेजर मागे न बघता म्हणाले.

ते उतरले. गाडीला पुढून वळसा घालून काकींच्या बाजूला आले. काकींनी दाराच्या कडीवर हात ठेवला, उतरायला. मेजरांनी दार उघडलं नाही. खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, गाडीच्या पायरीवर उभे राहिले आणि काकींच्या पुढची काच पुसू लागले. रुमाल चिखलानं भरला, तसा पिळला आणि पुन्हा पुसली. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, फौजेत साहेबाच्या गाडीची पुसत असतील तशी. पारावरची माणसं बघत होती. मेजरांनी घाई केली नाही. पुसून झाल्यावर त्यांनी आत डोकावून विचारलं, "दिसतंय का आता?"

काकींनी मान वर केली. "दिसतंय," म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाईचा शिकलेला माणूस, नऊ नकाशे काढणारा. स्टोव्ह मांडीवर घेऊन चक्क रडलो.

गाडी उतार उतरून पाराशी आली. दादा काठी टेकून उठले होते आणि कपाळाला आठ्या घालून आधी भावाकडे, मग भावाच्या शेजारी बघत होते.  मेजर नुसते चाक धरून बसले. थोरल्या दिराशी काकी जन्मात कधी तोंड वर करून बोलल्या नव्हत्या. त्या आताही थेट बोलल्या नाहीत. नवऱ्याकडेच बघत, पण साऱ्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं, देवाला चाललोय म्हणावं. दादास्नी इचारा, येत्यात का. मागं जागा हाय."

दादांनी एकवार पारावरच्या माणसांकडे बघितलं. मग काठी आधी आत टाकली, धोतर सावरलं आणि मागच्या दारानं चढून माझ्याशेजारी येऊन बसले.